तालमीच्या भिंतीवरचा फळा

अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाच्या दिवसांत कोल्हापूरला जायचं तर राहायची सोय आधी करून ठेवा, असं सगळे सांगतात. मी केली होती. तरी महाद्वार रोडच्या मागच्या एका लॉजवाल्यानं मला दारात बॅगेसकट उभं ठेवून भाडं दुप्पट सांगितलं. वर म्हणाला, "घ्यायची तर घ्या मॅडम, मागं रांग हाय." देवीच्या नावावर चालणारी ही लूट मला सहन होत नाही. भाविक निमूट पैसे मोजतात म्हणून ती दरवर्षी वाढते. रात्रभर रेल्वेत डोळ्याला डोळा नव्हता, म्हणून मीही मोजले.

पन्हाळा आणि जोतिबा एका दिवसात उरकले. त्या दोन्हींवर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. रंकाळ्यावर संध्याकाळी गेले, तर भेळेच्या गाड्यांवरच्या भोंग्यांनी बसू दिलं नाही.

मी गेले होते एका निवृत्त कवीला भेटायला. त्यांचा एक पातळसा कवितासंग्रह आमच्या वाचनालयाच्या रद्दीत निघाला होता. त्यातल्या कवितांनी मला कित्येक वर्षं सोबत केली आहे. कोल्हापूरच्या मैत्रिणीकडून कळलं, की सर राधानगरी तालुक्यातल्या शाळेतून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, गंगावेशीच्या पलीकडे राहतात आणि बरीच वर्षं त्यांनी काही छापलेलं नाही. नाव आणि गल्ली लिहायची नाही, असं त्यांनी बजावलं आहे. म्हणून नुसतं 'सर'.

"बसा की. चहा घेतासा न्हवं?" म्हणत त्यांनी खुर्चीवरचे पेपर उचलले. आतून काकू म्हणाल्या, "नुसता चा कशाला? मी भाकरी थापतो, जेवूनच जाऊ दे तिला." सकाळचे साडेसात वाजले होते. कोल्हापूरकरांच्या आग्रहाची बाहेर चेष्टा होते. मला तो मनापासून आवडतो. समोरचा माणूस उपाशी नसावा एवढीच त्यात काळजी असते. भाकरी, झुणका आणि वर घट्ट दही असं पोटभर जेवले.

सरांचा दिवस पहाटे सुरू होतो. अंधारातच ते पंचगंगेच्या घाटावर जातात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून ही नदी होते. त्यांचं लहानपण भोगावतीच्या काठचं, त्यामुळे घाटावर उभं राहिलं की गावचं पाणी भेटतं, असं ते म्हणतात. दुपारी थोडी झोप, मग करवीर नगर वाचन मंदिरात तासभर. १८५० साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आजही माणसांनी भरलेलं असतं. फुटबॉलचा हंगाम असला की शाहू स्टेडियम. तिथे पेठेची इभ्रत पणाला लागलेली असते. पंच्याहत्तरी गाठलेला हा माणूस तिथे आवाज बसेपर्यंत ओरडतो, असं काकूंनी सांगितलं.

मात्र घाट आणि वाचनालय यांच्या मध्ये रोज एक काम असतं. ते पाहायला मिळालं म्हणून मी हे लिहायला बसले.

कोल्हापूरच्या पेठांमध्ये चौकाचौकात, तालमीच्या किंवा मंडळाच्या भिंतीवर काळा फळा असतो. पाणी कधी येणार नाही, रक्तदान शिबिर कुठे आहे, वर्गणीची बैठक किती वाजता, असं सगळं त्यावर खडूनं लिहिलेलं असतं. कुणी गेलं तर नाव आणि रक्षाविसर्जनाची वेळ. पेपरात छोट्या जाहिरातीलाही पैसे पडतात. फळा फुकट असतो आणि येणाजाणारा प्रत्येक जण तो वाचतो. सरांच्या तालमीचा फळा सर लिहितात. अक्षर चांगलं म्हणून निवृत्तीनंतर मंडळाच्या पोरांनी गळ घातली, तेव्हापासून.

आम्ही पोचलो तेव्हा साधारण चाळिशीचा एक माणूस मोटारसायकल टेकवून उभा होता. हातात चिठ्ठी. रात्री त्याची आई गेली होती. चिठ्ठीत नाव, वय, 'दुःखद निधन', 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता, पंचगंगा स्मशानभूमी' एवढंच होतं. सरांनी चिठ्ठी वाचली. मग विचारलं, "आई काय करायची रं?"

"काय न्हाई, घरीच असायची."

"तसं न्हवं. काय करायची?"

तो गप्प राहिला. मला अवघडल्यासारखं झालं. ज्याची आई रात्री गेली, त्याला असं भर रस्त्यात काय विचारायचं? पण सरांना घाई नव्हती. ओल्या फडक्यानं ते फळ्याचा डावा कोपरा पुसत राहिले. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "पोरास्नी न्हाऊ घालायची. गल्लीत कुणी बाळंत झालं की हिलाच बोलवायचे. माझी बायको बाळंत झाली तवा हिचे गुडघे गेलते, तरी पाटावर बसून पाय पसरून घालायची."

सरांनी खडू घेतला. नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं: 'या गल्लीतल्या कितीतरी पोरांना पहिलं न्हाणं घालणारे पवित्र हात थांबले.' दोन पावलं मागं आले, पाहिलं, पुन्हा पुढं झाले आणि बोटानं 'पवित्र' पुसून टाकलं. मोकळ्या जागेत काहीच लिहिलं नाही. मग वेळ, ठिकाण आणि त्याखाली पाण्याची सूचना, कारण पाण्याला जागा ठेवावीच लागते. हात झटकत माझ्याकडे पाहून म्हणाले, "मळी काढली."

तो माणूस फळ्यासमोर उभा राहून वाचत होता. तेवढ्यात स्कूटरवरून चाललेला एक मुलगा थांबला. कॉलेजला जाणारा असावा. एक पाय जमिनीवर टेकून त्यानं वाचलं. "मला पण आजीनंच घातलेली की अंघोळ. आई सांगत असती," असं त्या माणसाला म्हणाला. स्कूटर स्टँडला लावली आणि त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. मग दूधवाला थांबला. मग समोरच्या घरातल्या एक बाई हात पुसत आल्या आणि आपल्या तिन्ही पोरांची नावं सांगू लागल्या. तिथवर सावरलेला तो माणूस आता रडायला लागला. 'काय न्हाई, घरीच असायची' म्हणणाऱ्याला आपली आई किती घरांत होती ते त्या चौकात उभं राहून कळत होतं. मी खूप कविसंमेलनं ऐकली आहेत. एका ओळीनं माणसांना असं एकमेकांजवळ आणलेलं मी कुठल्याच संमेलनात पाहिलेलं नाही.

मळीचं कोडं दुपारी सुटलं. सरांच्या ओळखीच्या एका गुऱ्हाळावर गेलो. नोव्हेंबरात हंगाम सुरू असतो. चुलवणावर मोठी काहील, त्यात उकळता रस. रानभेंडीचा चिकट रस त्यात घातला की घाण वर येते, ती मळी. गुळव्या ती झाऱ्यानं काढत राहतो. पाक झाला का हे तो थेंब पाण्यात टाकून, बोटांत धरून पाहतो. काहील थोडी लवकर उतरली तर ढेप धरत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो. "मला कविता मास्तरांनी शिकवली न्हाई," सर म्हणाले. "गुळव्यानं शिकवली. आमच्या गुऱ्हाळावर रात्रभर बसून असायचो. किती काढायचं आणि कवा उतरायचं, एवढंच हाय की हो." जात्यावरच्या आईच्या ओव्यांचंही ते बोलले, पण त्या म्हणून दाखवायला तयार झाले नाहीत.

२०१९ च्या पुराचं मी विचारलं, तेव्हा ते बराच वेळ बोलले. पावसाळ्यात फळ्यावर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहायची असते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. सर सकाळ-संध्याकाळ छत्री धरून आकडा बदलत होते. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आकडा पुसून त्यांनी लिहिलं: 'पाणी दारात आलंय. म्हाताऱ्यांना आधी काढा.' पुढे फळाच पाण्यात गेला. ओसरल्यावर पोरांनी आधी तालीम धुतली, मग फळ्याला नवा काळा रंग दिला. २०२१ ला पुन्हा तेच.

संध्याकाळी किरणोत्सवाला आम्ही देवळात गेलोच नाही. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग, धूळ किंवा वाटेतल्या इमारती आडव्या आल्या तर ती अलीकडेच अडतात. आतली गर्दी मी आदल्या दिवशी पाहिली होती. पुढच्याच्या डोक्यावरून मोबाइल उंचावणाऱ्या माणसांत ना देवी दिसते ना ऊन. सर दरवर्षी महाद्वार रोडवर, देवळाकडे पाठ करून उभे राहतात. चुरमुऱ्याची पोती, फुलांच्या टोपल्या, कडेवरची पोरं, सगळ्यांवर तेच तांबूस ऊन होतं. "हे ऊन आधी ह्यांच्यावरनं जातंय, मग आईपर्यंत," ते म्हणाले. हे कुठे लिहिलंय का, असं मी विचारलं. नाही म्हणाले.

यावरूनच आमचा वाद झाला. फळ्यावरच्या ओळी ते कुठेच उतरवून ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं फिरतं आणि संपलं. काकू म्हणाल्या, "मी वही आणून दिलीया. कोरी पडलीया." सरांचं म्हणणं, वही ठेवली तर आपण वहीसाठी लिहायला लागू. मग ओळ त्या आईची राहणार नाही, कवीची होईल. "संग्रह काढला तवा तसंच झालं. निम्म्या कविता कवींनी वाचाव्यात म्हणून लिहिलेल्या. नगं ते परत."

मला हे पटलेलं नाही. त्यांनाही तसं सांगितलं. न्हाऊ घालणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, दारोदार दही विकणाऱ्या बायकांवर दोन ओळी लिहिणारं दुसरं कुणी नाही. त्यांची नावं ना पेपरात येतात ना पुस्तकात. निदान त्या दोन ओळी तरी राहायला हव्यात. सर हसून मान हलवत राहिले. काकू माझ्या बाजूनं होत्या आणि बोलता बोलता माझ्या पिशवीत गुळाची ढेप कोंबत होत्या.

फळ्याचा फोटो मी काढला नाही. काढायला ते नाही म्हणाले नव्हते, फक्त "बाईचं नाव तेवढं झाका" म्हणाले होते. नावाशिवाय ती ओळ अर्धीच राहते, असं मला तिथे उभं असताना वाटलं. इथे मी ओळ लिहिली, नाव लिहिलं नाही. नाव गल्लीला माहीत आहे. सरांना हे लिहिणं आवडणार नाही. काकूंना मी पोस्टानं छापील प्रत पाठवते आहे, त्यांच्या त्या कोऱ्या वहीत ठेवायला.