‘२ टन’ म्हणजे कशाचे २ टन?

झाडं तुकड्या-तुकड्याने कापून दोराने खाली उतरवायचं काम मी नाशकात बारा वर्षं करतोय. गंगापूर रोडच्या बंगल्यांमधून, वर वायरी आणि खाली गाड्या असताना रेन ट्री उतरवले आहेत. पण यंदा दोर सोडायचं एक साधन विकत घेताना जे नाकी नऊ आले, ते झाडावर कधी आले नव्हते.

आमची जुनी पद्धत सगळ्यांचीच आहे. बेचक्यातून दोर, बुंध्याला दोन-तीन वेढे आणि दोराच्या शेवटाला मामा. मामांचा अंदाज पक्का. पण सालीचा भरवसा काय? कोरडी साल दोराला धरून ठेवते, ओल्या सालीवरून तोच दोर सुळकन निसटतो. गेल्या जूनमध्ये गुलमोहराची फांदी तशीच निसटली. कंपाऊंडची भिंत मी भरून दिली. मामांचे तळवे मात्र महिनाभर बरे झाले नाहीत.

म्हणून पोर्टारॅप घ्यायचं ठरवलं. हातभर लांब, जाड नळी, एका टोकाला कडी, नळीला आडव्या खुंट्या. पट्ट्याने बुंध्याच्या तळाशी बांधायची आणि वेढे सालीऐवजी नळीवर घ्यायचे. साल बदलते, नळी बदलत नाही, एवढंच तिचं कौतुक. घर्षणांक ०.२ धरला तर एक वेढा हाताची ताकद साडेतीन पट करतो आणि तीन वेढे चाळीस पटींच्या वर नेतात. गिर्यारोहणातली इंग्रजी आठच्या आकाराची कडी आधी वापरून पाहिली होती; दोराला इतका पीळ पडतो की सोडवता सोडवता संध्याकाळ होते. दोर ओढायचं चक्र (विंच) असलेला मोठा बोलार्ड, म्हणजे वेढे घ्यायचा जाड खुंट, चांगला, पण आमच्या कामाला जड आणि महाग.

इथवर दोन दिवसांत उरकलं. पुढचे सात आठवडे एका प्रश्नात गेले.

परगावच्या एका विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. ‘सर, २ टन कपॅसिटी. डोळे झाकून घ्या.’ मी विचारलं, हे २ टन कामाचं वजन आहे की तुटायचं? उत्तर आलं, ‘हेवी ड्यूटी आहे सर.’

मी अडून बसलो त्याला कारण आहे. ओलं लाकूड मी घनमीटरला १००० किलो धरतो. ४० सेंटिमीटर जाडीचा दीड मीटर ओंडका म्हणजे जवळजवळ १९० किलो. हा ओंडका झाडाला बांधलेल्या कप्पीच्या वरून कापला की तो आधी खाली पडतो आणि मग दोर ताणला जातो. तो हिसका वजनाच्या चौपट गेला तरी ७६० किलो होतात. २ टन जर कामाचं वजन असेल तर मी निवांत. पण तो तुटायचा आकडा असेल तर सुरक्षेसाठी मी पाचाने भागतो, म्हणजे हाती उरतात फक्त ४००. एकाच नळीच्या या दोन अर्थांमध्ये मामा उभे असतात.

‘टेक्निकल टीमला विचारून सांगतो’ हे वाक्य मी पाच वेळा ऐकलं. आणि माझा मूर्खपणा असा की निम्मे पैसे आधीच पाठवून बसलो होतो. शेवटी पार्सल आलं. नळीवर ‘२ टी’ असं स्टिकर, तेही नखाने निघालं. बनवणाऱ्याचं नाव नाही, किती जाडीचा दोर चालेल ते नाही, ठोकलेला एकही आकडा नाही. परत पाठवलं, तर ‘हाताळणी’ म्हणून १८०० रुपये कापून घेतले.

वैतागून अंबडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. ‘त्यात काय भाऊ, सीमलेस पाइपला दोन खुंट्या मारतो, संध्याकाळी घेऊन जा.’ म्हटलं, किती हिसका सोसेल ते कागदावर द्या. त्याने हातातला पेन खाली ठेवला. ‘झटक्याचं मी लिहून देणार नाही. वेल्ड आतून कसा बसलाय ते मला तरी कुठं दिसतंय?’ सात आठवड्यांत मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर. त्याचा चहा घेतला आणि निघालो.

नंतर दुसऱ्या एकाकडे फोटोतच कामाचं वजन आणि दोराची जाडी नळीवर ठोकलेली दिसली. महाग पडलं. चार दिवसांत घरी आलं. ॲल्युमिनियमची घेतली, हलकी आहे आणि उष्णता लवकर सोडते. स्टील झिजत कमी, पण खांद्यावरून वाहून न्यायला आम्ही दोघंच.

दोराचं सांगायचं राहिलं. रविवार कारंजाकडे मिळतो तसला पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर या नळीवर घालू नका. पॉलिप्रोपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिएस्टर अडीचशेच्या पुढे. वेगाने धावणारा दोर नळी किती तापवतो ते काम झाल्यावर बोट लावून बघू नका, मी बघितलंय. आणि वरची कप्पी नि तिचा पट्टा नळीपेक्षा दणकट हवा, कारण तिथे दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण येतो, म्हणजे जवळपास दुप्पट.

वेढे किती घ्यायचे ते करवत चालवायच्या आधी ठरवा. ओंडका सुटला की दोर लगेच आवळू नका, थोडा धावू द्या, मग हळूहळू थांबवा. हिसका बराचसा तिथेच मरतो. मामांना हे शिकवायला दोन झाडं लागली, कारण घट्ट धरून ठेवायची त्यांची तीस वर्षांची सवय. हातमोजे मात्र अजूनही मीच आठवण केल्यावर घालतात.

हो, आणि परवानगीचा कागद खिशात ठेवा, गाडीत नको. इथल्या तपोवनातली झाडं तोडण्यावरून रान उठल्यापासून दोर टाकला की कुणीतरी मोबाइल काढतंच, आणि बरोबरच आहे त्यांचं.

परवा त्या पहिल्या विक्रेत्याचा मेसेज आला, ‘सर, ३ टनवाला पण आलाय.’ कशाचे ३, असं विचारलंय. दोन निळ्या टिका दिसतायत.