आईचं कुर्डी

मे महिन्यात गोव्यातल्या साळावली धरणाचं पाणी ओसरलं की आईला त्यात बुडालेल्या आपल्या गावाचे, कुर्डीचे वेध लागतात. यंदाही गेलो. सोमेश्वराला नमस्कार करून ती घराचं जोतं शोधत भेगाळलेल्या चिखलातून फिरली. मी मात्र झाडांचे काळे खुंट बघत बसलो. पाण्याखाली प्राणवायूविना लाकूड-पाला कुजला की मिथेन सुटतो; म्हणून धरण भरण्याआधीच झाडं तोडून बाहेर काढायची असतात. शिवाय खालच्या नदीला उन्हाळ्यातही थोडं पाणी सोडत राहायचं, नाहीतर मासे जगायचे कसे? (आणि आमच्या ताटात यायचे कसे!)

गावातलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगडन् दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारलं. आई म्हणाली, "देवाला नेलं रे. आमचा आंबा राहिला."