बाथरूममधली लाल दोरी

मागच्या आठवड्यात इंग्लंडमधल्या ईस्टबोर्नला मैत्रिणीच्या आईकडे जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. समुद्रकाठचं गाव, 1870 साली सुरू झालेला पिअर (समुद्रात आत गेलेला फिरायचा लांब धक्का), आणि त्या राहतात ती फक्त साठीपुढच्यांसाठी बांधलेली फ्लॅटची बिल्डिंग. लिफ्ट, सगळ्यांची मिळून एक बैठकीची खोली, वॉशिंग मशिनं एका जागी, पाहुण्यांची खोली आधी बुक करून पैसे भरून घ्यायची. ते सगळं ठीक. पण प्रत्येक खोलीत, बाथरूममध्येसुद्धा, छतापासून थेट जमिनीला टेकेल अशी लाल दोरी! एवढी खाली कशाला विचारलं तर बाई म्हणाल्या, पडलेल्या माणसाचा हात वर पोचत नाही. ओढली की भिंतीवरच्या स्पीकरमधून माणूस बोलतो, मॅनेजर घरी गेला असेल तर कॉल सेंटरवाला, रात्री दोनलाही, आणि त्याच्यासमोर तुमची औषधं, मुलीचा नंबर सगळं असतं. काहीजण पायात येते म्हणून दोरी वर बांधून ठेवतात, मग मॅनेजर येऊन सोडतो.

आपल्या जुळे सोलापुरात, विजापूर रोडला एवढी अपार्टमेंट उठली, पोरं पुण्याला नाहीतर बाहेर, घरात म्हातारी दोघं, बाथरूमला गुळगुळीत टाइल्स, आणि साधी बेल नाही. किती खर्च येतो हो त्याला?

"तिकडं आईबापाला टाकून देतात" असं कुणी म्हणू नका. या बाईंनी आपलं मोठं घर विकून आपल्या पैशांनी फ्लॅट घेतलाय. असल्या नवीन फ्लॅटांना ग्राउंड रेंटही, म्हणजे जागेच्या मालकाला दरवर्षी द्यायचं भाडं, 1 एप्रिल 2023 पासून बंद झालंय. सर्व्हिस चार्ज, म्हणजे आपला मेंटेनन्स, मात्र माणूस गेल्यावरही फ्लॅट विकेपर्यंत मुलांनी भरायचा, आणि साठी झाली नसेल तर मुलीला स्वतःच्या आईच्या फ्लॅटमध्ये राहायला जाता येत नाही. हे मला नाही पटलं. आमच्याकडे सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेला हॉलभर गाद्या पडतात, कुणाला बुकिंग लागत नाही.

आणि सोलापुरातली माझी आई काही एकटी नाही. दुधाची पिशवी दाराला तशीच दिसली की शेजारच्या काकू लगेच बेल वाजवतात, असं माणूस पैसे देऊन मिळणार नाही. पण रात्री आई पडली तर काकूंना कळणार कसं? म्हणून भावाला सांगितलंय, संक्रांतीच्या आत बाथरूममध्ये आणि पलंगाजवळ बेल बसव, वाजली पाहिजे काकूंच्या घरात. काकू हो म्हणाल्यात. आई म्हणते मला काय झालंय. पाण्याच्या जागी वायर नको म्हणून भाऊ बॅटरीवरची वायरलेस बेल बघतोय, तिला जमिनीपर्यंत दोरी कशी जोडायची तेवढं वायरमनला विचारायचं राहिलंय.