सकाळची वीस मिनिटं

२७ डिसेंबर, रात्री पावणेदहा

दोघंही झोपली. धाकट्याचा एक पाय पांघरुणाबाहेर आहे. आत घेतला की तो पुन्हा बाहेर काढतो, म्हणून आता नाद सोडला.

शाळेला सुट्टी लागून आठवडा झाला. पहिले चार-पाच दिवस मी रोज एकच चूक केली. मुलं झोपली की मोबाईल घेऊन बसायचं, ते साडेबारापर्यंत. दिवसभर कुणी ना कुणी अंगाला चिकटलेलं, दर दोन मिनिटांनी 'आई'ची हाक. त्यामुळे रात्रीचा तेवढा वेळ तरी माझा, असं वाटायचं. पण तो मी माझ्याच झोपेतून काढत होते. सुट्टी असो नसो, धाकटा साडेसहाला उठतोच. म्हणजे जेमतेम सहा तास. मोठ्या माणसाला रोज निदान ७ तास झोप लागते, थोरलीच्या वयाच्या मुलांना ९ ते १२. तिची झोप मी मोजून बघते, स्वतःची कधी मोजली नव्हती.

परवा व्हायचं ते झालं. रंगाच्या पाण्याचा पेला धाकट्याच्या हातून जमिनीवर सांडला आणि मी इतक्या मोठ्याने ओरडले की तो रडायचंही विसरला. थोरली काही न बोलता फडकं घेऊन आली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी पुसायला लागली. तिचं लक्ष पाण्याकडे नव्हतं, माझ्या चेहऱ्याकडे होतं. निळं पाणी बाजूने वाहत गेलं तरी ती तीच एक जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिली. आठ वर्षांच्या मुलीने आईच्या चेहऱ्याचा अंदाज घेत वावरावं, हे मला बघवेना. फडकं तिच्या हातातून घेतलं, दोघांना जवळ घेतलं. दिवसभर तेच डोळ्यांसमोर येत राहिलं.

रात्री नवऱ्याशी बोलले. थकलेय, म्हणाले. त्याने विचारलं, "तुला नक्की काय हवंय?" मी म्हटलं, "विश्रांती." "किती? कधी?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं आणि मला सांगता येईना. कितीतरी वेळ गप्प बसल्यावर म्हणाले, "सकाळी वीस मिनिटं. बाहेर. एकटीने." मग त्याला विचारलं. त्याला संध्याकाळी कामावरून आल्यावर नुसतं पडून राहायला अर्धा तास हवा होता. इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नाही, याचं वाईट वाटलं.

सकाळ मागितली ती विचार करूनच. उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरला दिवस सगळ्यात लहान असतो. उजेड आधीच कमी, त्यात थंडी म्हणून आपण दारं लावून आत बसतो. शरीराचं घड्याळ मात्र सकाळच्या उजेडावर लागतं आणि ते नीट लागलं की रात्री झोपही वेळेवर येते. शिवाय चालणं होतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पूर्वी तो एका वेळी सलग १० मिनिटं तरी हवा, अशी अट होती. २०२० च्या शिफारशींत ती काढून टाकली. हे कळलं तेव्हा मला फार मोकळं वाटलं. पाचच मिनिटं मिळाली तरी ती वाया नाहीत.

संध्याकाळी पाचचा चहाही सोडला. कॅफीनचा साधारण निम्मा अंश पाचेक तासांनीही शरीरात असतो, म्हणजे झोपायच्या वेळी तो माझ्या अंगात होताच.

आणि एक जाणं रद्द केलं. मावसबहिणीकडे सगळे जमणार होते. फोन करायच्या आधी दहा वेळा मनात वाक्य जुळवलं, तिला काय वाटेल म्हणून. शेवटी खरं तेच सांगितलं, की या वेळी झेपणार नाही. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अगं, बरं झालं बोललीस. मीही दमलेय." मग आम्ही किती दिवसांनी पाऊण तास निवांत बोललो.

तान्हं मूल घरात असेल तर सलग सात तास मागून मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. धाकटा तान्हा होता तेव्हा दुपारी त्याच्याबरोबर आडवं होणं, एवढंच हाती होतं. कामं तशीच टाकून आडवं व्हायला तेव्हाही मन धजायचं नाही. व्हायला हवं होतं.

आज सकाळी फिरून दारात आले, तर थोरली भिंतीवरचं घड्याळ बघत उभी. म्हणाली, "आई, सतराच झालीत. अजून तीन आहेत तुझी." मी पायरीवरच बसले. ती दार अर्धं लोटून आत गेली आणि आतून धाकट्याला सांगताना ऐकू आली, "थांब, अजून तिची झाली नाहीत."

दहाला पाच कमी आहेत. मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावून येते.