मौण मेळा: एक दिवस, सगळ्यांची नदी

बांगड्याच्या आमटीत आपण तिरफळं टाकतो ना, त्याच तिरफळाच्या भावकीतलं एक काटेरी झाड गढवालात असतं, तिमरू. तिकडचे लोक त्याच्या काडीने दात घासतात, मी पण घासून बघितले, जीभ अशी झिणझिणते की पाच मिनिटं चहाची चवच लागत नाही. आणि ह्याच झाडाच्या सालीवर, तिच्या पुडीने माशांना गुंगी आणून सगळ्यांनी मिळून नदीत मासे धरायचा, एक अख्खा मेळा चालतो, मौण मेळा. मसुरीच्या मागच्या बाजूला टिहरी गढवाल जिल्ह्यात जौनपूर भाग आहे, तिथल्या अगलाड नदीवर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. अगलाड पुढे जाऊन यमुनेला मिळते.

परंपरा टिहरी संस्थानच्या काळातली, १८६६ पासूनची असं सांगतात. मला सगळ्यात आवडली ती तयारी. तिमरूची साल काढायची, वाळवायची, आणि ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं दगडी जातं असतं, घराट, त्यात दळून बारीक पूड करायची. हे काम दरवर्षी एकाच गावाने करायचं नाही, पाळी ठरलेली असते, ह्या वर्षी ह्या पट्टीतली गावं, पुढच्या वर्षी दुसरी. म्हणजे पूड एकाची आणि मासे सगळ्यांचे.

मेळ्याच्या दिवशी ढोल-दमाऊ वाजवत गावंच्या गावं खाली उतरतात, पूड आधी कपाळाला लावतात, मग नदीत सोडतात आणि मग जे होतं ते बघायलाच पाहिजे, हजारो माणसं एकदम पाण्यात, कोणाच्या हातात जाळं, कोणाकडे विणलेल्या टोपल्या, कोणी नुसत्या हातांनी, आणि सगळा लोंढा पाण्यासोबत खाली खाली सरकत जातो. पुडीने माशांना गुंगी येते, जे सापडत नाहीत ते पुढे ताज्या पाण्यात गेले की शुद्धीवर येतात असं तिथले लोक सांगतात. मासे विकायचे नाहीत. घरी न्यायचे, पाहुण्यांना जेवायला बोलवायचं, रात्री गावात नाच.

आपल्याकडे सह्याद्रीत गेळाची फळं ठेचून डोहात टाकायचे, तीच युक्ती. आणि कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला सगळी वाडी कंदील घेऊन धावते तेव्हाचा आनंद पण तसाच. पण जौनपूरवाल्यांनी त्याला दिवस ठरवून दिला, पाळी ठरवून दिली, चोरून काही नाही, जे काय ते सगळ्यांसमोर. मला वाटतं नदी सांभाळायची खरी अक्कल ह्यातच आहे. कारण पहाडातल्या नद्यांमध्ये एरवी काही लोक ब्लीचिंग पावडर टाकतात, सुरुंग फोडतात, त्यात अंडी, पिल्लं, किडे काहीच वाचत नाही. मेळ्यावर टीका करणाऱ्यांनी आधी ते थांबवायच्या मागे लागावं. हां, ऐन पावसाच्या तोंडावर मासे धरणं बरोबर का हा प्रश्न आहेच, त्याचा अभ्यास व्हायलाच पाहिजे, पण गावांना सोबत घेऊन.

जायचं असेल तर तारीख गावकरी मिळून ठरवतात, त्यामुळे मसुरी किंवा थत्यूडमध्ये विचारूनच निघा, आणि पाऊस लवकर आला तर दरडींमुळे रस्ता बंद पडतो म्हणून एखादा दिवस हाताशी ठेवा. पाण्यात उतरणार असाल तर घट्ट बसणारे सँडल हवेतच, दगड भयंकर निसरडे आहेत.