चोंदलेलं नाक

मांडीचं हाड मोडलेले आजोबा, स्पायनल भूल. बुपिव्हाकेन या भुलीच्या औषधानंतर बीपी उतरतं, त्याचं आम्हा भूलतज्ज्ञांना काही वाटत नाही. सिरिंज भरून, लेबल लावून तयारच असते. बीपी चढवणारं मेफेन्टरमाइन सहा मिलिग्रॅम दिलं. वरचं बीपी 78. पुन्हा सहा. 74. नाडी 52.

सिरिंजमध्ये नुसतं पाणी तर नाही? रिकामी ॲम्प्यूल उचलून नाव वाचलं. (आमच्याकडे औषध भरतो एक, लेबल लावतो दुसरा. सांगून सांगून थकलो.) औषध बरोबर होतं. मग रक्तवाहिन्या स्वतः आवळणारं नॉरॲड्रेनलिन थेट, फक्त चार मायक्रोग्रॅम. बीपी 150 च्या वर! एवढ्याशा डोसला एवढी उडी मी पाहिली नव्हती.

मेफेन्टरमाइनची मदार मुख्यतः उसन्या बळावर. ते रक्तवाहिन्यांना हुकूम देणाऱ्या सिंपथेटिक नसेच्या टोकात शिरतं आणि तिथे साठवलेलं नॉरॲड्रेनलिन बाहेर ढकलतं. कोठारच रिकामं असेल तर ढकलणार काय? आणि बाहेरचे, ते पकडणारे रिसेप्टर उपाशी, म्हणून थेंबभरावर तुटून पडले.

तेव्हा आजोबांचं नाक आठवलं. आदल्या संध्याकाळी तपासताना ते तोंडाने श्वास घेत बोलत होते. ‘जुनी सर्दी’ असं मीच लिहिलं होतं.

बाहेर मुलाला विचारलं. ‘‘औषध काहीच नाही हो. झोपेसाठी सर्पगंधाचं चूर्ण तेवढं घेतात, वर्षभर झालं.’’

सर्पगंधातलं रेसर्पिन व्हेसिकल, म्हणजे नसेतलं ते कोठार, भरणारा पंप बंद पाडतं. नॉरॲड्रेनलिन आत शिरू शकत नाही आणि बाहेर राहिलेलं मोनोअमाइन ऑक्सिडेझ हे एन्झाइम फस्त करतं. नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून धरणारंही कुणी उरत नाही, म्हणून नाक चोंदतं. यात नवं काही नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधा आणि रक्तदाबावरचा लेख 1949 चा, रेसर्पिन वेगळं काढलं 1952 मध्ये. एफेड्रिनही बरंचसं उसन्या बळावरचंच; ‘रेसर्पिननंतर एफेड्रिन का चालत नाही?’ हा प्रश्न तर मी स्वतः विद्यार्थ्यांना तोंडीला विचारतो.

पण फॉर्मवर ‘चालू औषधे’ असतं आणि आम्ही विचारतो ‘गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ चूर्ण म्हणजे गोळी नव्हे. आजोबा खोटं बोललेच नव्हते. कळलं असतं तरी शस्त्रक्रिया थांबवली नसती. कोठार भरायला दिवस, कधी आठवडे लागतात. नॉरॲड्रेनलिन मात्र पहिल्यापासून हाताशी ठेवलं असतं.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात गेलो. आजोबा ठीक, नाक तसंच. केसपेपरवर कुणीतरी सर्दीसाठी एफेड्रिनचंच भावंड, स्यूडोएफेड्रिन, लिहून ठेवलं होतं.