पूल बघायचा तर नदीत उतरून

अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूरचा घाट चढलो की जमीन बदलते. खाली पूर्णेच्या खोऱ्यात नुसता गाळ; खारपाणपट्ट्यात कितीही खणा, पायाला खडक लागत नाही. म्हणून पायवाटेचे जुने दगडी पूल पाहायला आम्ही घाटावरच्या नाल्यांकडे वळलो. इथे पात्रातच काळा दगड उघडा पडलेला आहे.

बांधणी साधीच. खडकावर चुन्यात रचलेले खांब, त्यांवर आडव्या शिळा. खांबाची वरच्या प्रवाहाकडची बाजू टोकदार. दोन खांबांत अंतर पाच-सहा फूट, त्याहून जास्त सहसा नाही. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. शिळा लांबली की पोटातून तडकते. वरून ती चीर दिसत नाही. खाली वाकून मधोमध बोट फिरवलं की लागते. कडेला पाथरवटांच्या पाचरींच्या खाचा अजून शाबूत आहेत.

सहा फूट लांब, दीड फूट रुंद, नऊ इंच जाड शिळेचं वजन साधारण साडेपाच क्विंटल. पुरात बुडाली की त्यातले दोनेक क्विंटल पाणीच पेलतं. उरलेली साडेतीन क्विंटलची शिळा जोराच्या लोंढ्याने सरकते.

पण खरा घात पऱ्हाट्या-तुराट्या, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्या करतात. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर रचलेला ढीग पहिल्याच पुरात वाहत येतो आणि गाळ्यांत, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेत अडकतो. पाणी तुंबतं, मग काठाची काळी माती फोडून बाजूने निघतं. पूल जागेवर, पुलापर्यंतची वाट गायब! पावसाळ्याआधी गाळे मोकळे करणं हीच सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, आणि तीच कोणी करत नाही.

दुसरी खोड उताराकडच्या अंगाला. शिळांवरून पडणारं पाणी तिथे डोह खणतं, खडक भेगाळलेला असला तर खांबाचा तळ पोखरतं. रेती उपसली की हे लवकर होतं. पोकळीत मोठे दगड ठासून भरावेत. सांधे इंचभर खरवडून, ओले करून चुना-रेतीने भरावेत आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत. सिमेंटचा गिलावा नको. आत ओल कोंडते आणि जुना चुना भुसभुशीत होतो. पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढावं, नुसतं छाटलं तर पुन्हा फुटतं.

जायचं तर मे महिन्यात. ऊन भाजून काढतं, पण पात्र कोरडं असतं आणि खांबाखाली काठी घालून पोकळी किती आत गेली ते मोजता येतं.